ढीग रचणारे पक्षी : बंदिस्त पैदास आणि तिच्यामागची जबाबदारी

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम नगराच्या नावातच एक कुंभ आहे. स्थलपुराण असे सांगते, की प्रलयकाळ जवळ आला तेव्हा ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे आणि अमृत एका कुंभात सुरक्षित ठेवले. जलप्रलयात तो कुंभ तरंगत दक्षिणेकडे आला, पाणी ओसरल्यावर या भूमीवर टेकला आणि किरातरूपातील शिवाने बाण मारून तो फोडला. सांडलेल्या अमृताने भिजलेल्या मातीचे लिंग म्हणजे आदि कुंभेश्वर, अशी श्रद्धा आहे. दर बारा वर्षांनी महामहम तलावात होणारे पर्वस्नानही याच कथेशी जोडलेले आहे. मागचे पर्व २०१६ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल.

एखादी जाती तिच्या मूळ अधिवासाबाहेर सांभाळून ठेवण्याच्या आजच्या शास्त्रीय उपक्रमांना या कथेइतके नेमके रूपक क्वचितच सापडेल. मात्र कथेचा पूर्वार्धच बहुधा स्मरणात राहतो: बीज कुंभात राहिले, म्हणून वाचले. उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. पाणी ओसरून जमीन वर आली तेव्हाच कुंभ फुटला. जमीनच उरली नसती, तर बीज कुंभातच कुजले असते. ढीग रचून अंडी उबवणाऱ्या पक्ष्यांच्या बंदिस्त पैदाशीचा विचार करताना हा उत्तरार्ध नजरेआड करून चालणार नाही.

विदेशी पक्षी पाळण्याचा छंद गेल्या काही दशकांत महानगरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. मकाव, राखी पोपट, फेझंट यांच्या जोड्यांची खरेदी-विक्री होते, आणि शेतीला जोडधंदा म्हणूनही या पैदाशीचा विचार केला जातो. त्यातच एखाद्याला अधिक दुर्मीळ, अधिक चमत्कारिक पक्ष्याचे आकर्षण वाटते. मेगापोड कुळातील पक्षी अशा आकर्षणाचा विषय सहज होऊ शकतात. ही पैदास कोणी, कोठे आणि कशासाठी करावी, हा प्रश्न म्हणून वेळीच विचारायला हवा. खासगी छंद किंवा जोडधंदा म्हणून ती करू नये आणि शासकीय संस्थांनी केली तरी ती किनारा राखण्याच्या कामाला पर्याय ठरू नये, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ढीग हेच उबवणी यंत्र

मेगापोड म्हणजे मोठ्या पायांचा. या कुळात सुमारे २० जाती आहेत आणि त्यांचा प्रदेश ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, पूर्व इंडोनेशिया व प्रशांत महासागरातील काही बेटे असा पसरलेला आहे. यांतील एकही पक्षी अंड्यांवर बसत नाही. काही जाती ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेल्या जमिनीत अंडी पुरतात, काही उन्हाने तापलेल्या वाळूत. ऑस्ट्रेलियन ब्रश-टर्कीसारख्या जाती मात्र पालापाचोळा आणि मातीचा प्रचंड ढीग रचतात व कुजण्याच्या क्रियेतून निर्माण होणाऱ्या उष्णतेवर अंडी उबवतात.

ब्रश-टर्कीचा नर साधारण दोन ते अडीच किलो वजनाचा असतो. त्याने रचलेला ढीग सुमारे एक मीटर उंच, चार मीटर व्यासाचा आणि दोन ते चार टन वजनाचा भरतो. ढिगात चोच खुपसून तो तापमानाचा अंदाज घेतो आणि गरजेप्रमाणे पाला वाढवतो किंवा उकरून कमी करतो. अंड्यांच्या पातळीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान राखण्याची ही धडपड महिनोन् महिने चालते. मॅलीफाउल या जवळच्या जातीवर एच. जे. फ्रिथ या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात प्रयोग केले. त्याने ढिगात विजेचे तापक बसवून तापमान बदलले, तेव्हा नराने माती काढून किंवा घालून तो बदल भरून काढण्याचा प्रयत्न केला. तापमान ओळखण्याची ही क्षमता निव्वळ योगायोग नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

तापमानातील थोडा फरकही येथे मोठा ठरतो. ब्रश-टर्कीच्या अंड्यांवरील अभ्यासात ३४ अंशांना नर व माद्या जवळजवळ समप्रमाणात निपजल्या, ३१ अंशांना नर अधिक आणि ३६ अंशांना माद्या अधिक निपजल्या. थंड ढिगात मादी-भ्रूण अधिक मरतात आणि उष्ण ढिगात नर-भ्रूण, हे त्याचे कारण. ढीग दोन अंशांनी चुकला, तरी पुढची पिढी असमतोल होते.

पिल्लाचे चरित्रही वेगळे. अंडे कोंबडीच्या अंड्याच्या तिप्पट वजनाचे, आणि त्यातील बलकाचे प्रमाण कितीतरी अधिक. ब्रश-टर्कीचे पिल्लू सुमारे ४९ दिवसांनी कवच पायांनी फोडते, ढिगातून वर येण्यासाठी बराच काळ खणत राहते, आणि बाहेर पडल्यावर आईबापांकडे न पाहता झुडपात निघून जाते. पहिल्या दिवसापासून ते स्वतः अन्न शोधते आणि लवकरच उडू लागते. त्याला भरवणारे, शिकवणारे, धोक्याची सूचना देणारे कोणी नसते.

त्रिभुज प्रदेशात असा ढीग

कंपोस्ट हा विषय कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला नवा नाही. कुंभकोणमजवळच्या आडुदुरै येथे १९२२ पासून भात संशोधन चालू आहे आणि एडीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भातजाती तेथूनच शेतांत गेल्या. भाताचा पेंढा, केळीचे खुंट, नारळाच्या झावळ्या यांची येथे वाण नाही. तेव्हा ढिगासाठी साहित्य मुबलक आहे, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

अडचण साहित्याची नाही, प्रक्रियेची आहे. शेतकऱ्याला कंपोस्टचा ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापलेला हवा असतो. त्यामुळे तणाचे बी आणि रोगजंतू मरतात. पक्ष्याला त्याहून वीस-पंचवीस अंश कमी, पण अनेक आठवडे स्थिर राहणारे तापमान हवे असते. पेंढ्यात नत्राच्या मानाने कर्ब फार जास्त असतो, त्यामुळे निव्वळ पेंढ्याचा ढीग मंद कुजतो. त्यात शेण मिसळले तर तो अचानक तापतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात या भागाला झोडपून काढतो आणि भारी चिकणमातीत पाणी साचते. भिजलेल्या ढिगात हवा खेळत नाही, कुजण्याची क्रिया सडण्यात बदलते, आणि कवचातून श्वसन करणाऱ्या भ्रूणाला प्राणवायू पुरत नाही. ढीग लहान केला तर उष्णता पृष्ठभागातून निघून जाते. म्हणून मोठा ढीग, मोठे आवार, वर छप्पर आणि रोजची मोजणी एवढे सारे आले. घरामागच्या जाळीच्या खोलीत हे साधणार नाही.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. नारळाचा गेंड्या भुंगा शेणखतात, कुजक्या पाल्यात आणि पडलेल्या नारळाच्या खोडांत अंडी घालतो. त्याच्या अळ्या अनेक महिने तेथेच वाढतात आणि प्रौढ भुंगे माडाचा कोवळा सुईसारखा कोंब पोखरतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी किनाऱ्यावर आदळलेल्या ‘गजा’ चक्रीवादळाने तंजावर, पुदुक्कोट्टै, तिरुवारूर व नागपट्टिनम या जिल्ह्यांत असंख्य माड उन्मळून पाडले. पडलेली खोडे वेळीच हलवली नाहीत तर तीच भुंग्याची पैदासकेंद्रे होतात, हे नारळ बागायतदार पिढ्यान् पिढ्या जाणतात. म्हणूनच खतखड्डे ठरावीक काळाने उपसावेत, अळ्या वेचून नष्ट कराव्यात, मेटाऱ्हायझियम बुरशीचा वापर करावा आणि बागेत कामगंध सापळे लावावेत, अशा शिफारशी केल्या जातात.

अंडी असलेला ढीग मात्र माणसाला उपसता येत नाही. पक्षी स्वतः अळ्या खातो हे खरे, आणि जंगलात ते पुरेसे असेलही. पण नर उकरतो तो प्रामुख्याने ढिगाचा वरचा व मधला भाग. तळाचा थर हंगामभर तसाच राहतो, आणि हंगाम संपल्यावर नर तो ढीग सोडून देतो. मागे उरतो तो माडांच्या सावलीत पडलेला काही टन कुजका पाला. ज्याच्या आवारात ढीग आहे त्याची हौस फिटते. भुंग्याचा उपद्रव मात्र शेजाऱ्याच्या बागेत होतो. छंदाचा विचार करताना शेजाऱ्याच्या माडाचाही हिशेब मांडावा लागतो.

यात राणीखेत आणि बर्ड फ्लू या रोगांची भर पडते. मेगापोड हे कोंबडीच्याच गणातील पक्षी आहेत. घराघरांतल्या देशी कोंबड्यांचा ज्या गावात मुक्त वावर आहे, तेथे रोग कोणत्याही दिशेने जाऊ शकतो: बाहेरच्या पक्ष्याकडून कोंबडीकडे, किंवा कोंबडीकडून दुर्मीळ पक्ष्याकडे.

कायदा काय पाहतो, काय पाहत नाही

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्टांत असलेल्या जाती तिने नव्या अनुसूची ४ मध्ये आणल्या. अशा जातींचे सजीव प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करावी, जन्म, मृत्यू व हस्तांतरण कळवावे, असे २०२४ च्या नियमांनी स्पष्ट केले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पूर्वी या व्यवहाराला पुरेसा हिशेबच नव्हता.

परंतु मेगापोड कुळाच्या बाबतीत या जाळ्याची छिद्रे मोठी आहेत. सुलावेसी बेटावरील मालेओ हा पक्षी साइटीसच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून तो नोंदणीच्या कक्षेत येतो. ब्रश-टर्की त्या परिशिष्टांत नाही. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर कित्येक दशकांपासून बंदी घातलेली असली, तरी हा पक्षी अन्य देशांतील संग्रहांत पैदा होतो. अशा पक्ष्याची एखादी जोडी उद्या बाजारात आली, तर तिच्या पिल्लांची गणती ठेवण्याचे बंधन या तरतुदीतून लागू होत नाही. शिवाय नोंदणीने मालकी सिद्ध होते, योग्यता नाही. ढिगाचे तापमान मोजण्याचे ज्ञान आणि साधने मालकाकडे आहेत की नाहीत, हे कोणताही अर्ज विचारत नाही.

भारताचा स्वतःचा मेगापोडही आहे, आणि त्याच्या बाबतीत संदिग्धता नाही. निकोबारी मेगापोड अनुसूची १ मध्ये आहे. खासगी व्यक्तीने तो किंवा त्याची अंडी बाळगणे हा गुन्हा आहे.

मानक्कवारमचा किनारा

कुंभकोणमच्या मातीचा निकोबारशी असलेला संबंध जुना आहे. नगराला लागून असलेले पळैयारै हे चोळांचे राजधानीचे स्थान होते. राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास समुद्रापार मोहीम काढली, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील त्याच्या शिलालेखात जिंकलेल्या स्थळांमध्ये मानक्कवारम, म्हणजे निकोबार, हे नाव येते. त्याच मंदिराच्या भिंतीवर पुढे १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. कुंभकोणमच्या पूर्वेस समुद्रकाठी असलेले तरंगमबाडी १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाने डेन लोकांना दिले, आणि १७५० च्या दशकात डेन लोकांनी निकोबारवर वसाहत करण्याचा खटाटोप केला तो तेथूनच. या किनाऱ्यावरून त्या बेटांकडे पाहणारे लोक बहुधा जिंकण्याच्या किंवा वसवण्याच्या विचाराने पाहत आले.

त्या बेटांच्या किनारी जंगलात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या पट्ट्यात, निकोबारी मेगापोड वाळू, पोवळ्यांचा चुरा आणि पाला यांचा ढीग रचतो. कोंबडीएवढा, तपकिरी, चेहऱ्यावर लालसर उघडी कातडी असलेला हा पक्षी दिसायला भपकेबाज नाही. त्याची अंडी उबायला ७० ते ८० दिवस लागतात. कोइम्बतूरजवळील सालिम अली पक्षीविज्ञान केंद्राचे डॉ. रवी शंकरन यांनी १९९० च्या दशकात बेटाबेटांवर हिंडून या ढिगांची गणना केली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने नेमका तोच पट्टा धुऊन नेला. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. के. शिवकुमार यांनी केलेल्या पाहणीत प्रजननक्षम पक्ष्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

हा खराखुरा प्रलय होता. तरीही काही ढीग उरले, किनारी जंगल पुन्हा धरू लागले. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने ग्रेट निकोबारवरील गालथिया उपसागर अभयारण्याचा दर्जा काढण्यास संमती दिली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील बंदर व नगर प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी मिळाली. मेंचल बेट मेगापोडसाठी राखीव करण्यात आले. एका किनाऱ्याच्या बदल्यात दुसरे बेट, अशी ही मांडणी आहे. अशा मांडणीत ‘लागल्यास बंदिस्त पैदास करू’ हे वाक्य फार सोयीचे ठरते. म्हणूनच त्याची कसून तपासणी व्हायला हवी.

पिंजऱ्याच्या बाजूने आणि त्याच्या मर्यादा

पिंजरा सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे मराठी कुटुंबात जन्मलेले राजा सर टी. माधवराव बडोद्याचे दिवाण असताना, १८७९ मध्ये, तेथील कमाटी बाग उभी राहिली आणि तिच्यात प्राणिसंग्रहालयही आले. सार्वजनिक संग्रहालयांनी पिढ्यान् पिढ्या लोकांना प्राणी जवळून दाखवले आहेत. ब्रश-टर्की अनेक देशांच्या संग्रहालयांत अंडी घालतो. मालेओची पिल्लेही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात निपजली आहेत. पैदास जमते, हा मुद्दा वादाचा नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीबद्दल. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात बंदिस्त वाढवलेले मॅलीफाउल याथोंग राखीव क्षेत्रात सोडले गेले. त्यांतील बहुतेक पक्षी कोल्ह्यांनी मारले. कोल्हा हा बाहेरून आणलेला शिकारी होता आणि तो तेथेच होता. जे कारण पक्ष्यांना संपवत होते, त्याच्याच तोंडी पैदाशीचे फळ गेले. भारतातील गिधाडांचा अनुभव याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन यशस्वी झाले, पण त्याला अर्थ आला तो २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आल्यामुळे. विषारी जनावर खाऊन गिधाडे मरतच राहिली असती, तर पिंजऱ्यातली पिल्ले हे निव्वळ समाधान ठरले असते.

प्रशांत महासागरातील टोंगा देशाने तिसरा मार्ग दाखवला. नियुआफोऊ बेटावरील मेगापोडची अंडी व पिल्ले १९९१ ते १९९३ या काळात निर्मनुष्य बेटांवर नेण्यात आली. फोनुआलेई या ज्वालामुखीय बेटावर त्यांची वस्ती रुजली. पिल्लाला आईबाप लागत नाहीत, अंड्याला केवळ योग्य उष्ण जमीन लागते, हा या कुळाचा स्वभावच तेथे कामी आला. पिंजरा बांधावा लागला नाही. सुरक्षित जमीन शोधावी लागली.

कोणती कामे आधी

यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ढीग रचणाऱ्या विदेशी पक्ष्यांची पैदास जोडधंदा म्हणून शेतकऱ्यांना सुचवली जाऊ नये. पिल्लांची बाजारपेठ अनिश्चित आहे, जागेचा व देखरेखीचा खर्च निश्चित आहे, आणि भुंग्याचा धोका शेजाऱ्यांनाही भोगावा लागतो. ज्याला जोडधंदा हवा आहे, त्याच्यासाठी परसातली देशी कोंबडी, मधमाशी आणि गांडूळखत हे सिद्ध मार्ग आहेत. दुसरी, नोंदणीचे बंधन केवळ साइटीसच्या यादीपुरते न ठेवता देशात आणलेल्या सर्व विदेशी वन्य पक्ष्यांना लागू करावे. तिसरी, निकोबारी मेगापोडची बंदिस्त पैदास कधी हाती घ्यावी लागलीच, तर ती केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेने, संशोधन संस्थेच्या हातून आणि सोडण्याची जागा आधी निश्चित करूनच व्हावी. सोडण्याची जागा ठरलेली नसताना पैदास सुरू करणे म्हणजे पाणी ओसरण्याआधीच कुंभ फोडणे होय.

चौथी गोष्ट कृषी संशोधनाच्या कक्षेतील आहे. कुजणाऱ्या ढिगाचे तापमान, ओलावा, वायूंचे प्रमाण आणि त्यातील कीटक व बुरशी यांचे ज्ञान कृषी विद्यापीठांकडे आहे. हे ज्ञान आजवर खतासाठी वापरले गेले. निकोबारच्या ढिगांना धक्का न लावता, बाहेरून तापमान नोंदवणारी साधी उपकरणे लावून, कोणता ढीग चालू आहे आणि कोणता थंड पडला आहे, याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवता येईल. पक्षीशास्त्रज्ञ आणि मृदा-कीटकशास्त्रज्ञ यांनी हे काम एकत्र करावे. बेटांवरील निकोबारी लोकांना ढिगांच्या जागा पिढ्यांपासून ठाऊक आहेत. त्यांच्या सहभागाशिवाय अशी नोंद अपुरी राहील.

२०२८ मध्ये महामहमच्या पर्वणीला देशभरातून लोक कुंभकोणमला येतील आणि कुंभाची कथा पुन्हा सांगितली जाईल. त्या वेळी निकोबारच्या किनाऱ्यावर किती ढीग उबदार आहेत, याचा विश्वसनीय आकडा देशाजवळ असावा. तो मिळवण्याचे काम पिंजरे बांधण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान आजच उपलब्ध आहे.